हात गीतेवर, शब्द संविधानाचे

फौजी शपथ कुणाची घेतो असं आपल्याकडे कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. देशाची, तिरंग्याची, भारतमातेची. भावना म्हणून त्यात खोटं काहीच नाही, पण शपथेत जे लिहिलंय ते हे नाही. आर्मी रूल्स, १९५४ मधला नववा नियम काढून वाचा. कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा ठेवीन, प्रामाणिकपणे नोकरी करीन, जमिनीवरून, समुद्रातून, हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन, आणि राष्ट्रपतींचे आणि माझ्यावर नेमलेल्या अधिकाऱ्यांचे सगळे हुकूम पाळीन, त्यात जीव धोक्यात आला तरी. बस, एवढंच. पंतप्रधान नाही, सरकार नाही, पक्षाचा तर प्रश्नच नाही, आणि मातीचाही उल्लेख नाही. पहिलं नाव एका पुस्तकाचं.

गंमत म्हणजे ही शपथ घेताना हात दुसऱ्याच पुस्तकावर असतो. आमचे मोठे काका ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि कामठीलाच घर बांधून राहिले, त्यांच्या रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर तिथेच आहे ना. तिथली कसम परेड मी त्यांच्यासोबत पाहिलेली आहे. पंडितजी गीता घेऊन उभे, ग्रंथी, मौलवी, पादरी आपापले ग्रंथ घेऊन, बँड वाजतोय, आणि पोरं एकेक रांग करून आपापल्या धर्मग्रंथाला हात लावून पुढे जातायत. तोंडाने मात्र सगळ्यांची शपथ एकच, संविधानाची. यातला विरोधाभास मी काकांना हसत हसत दाखवला तर ते म्हणाले, "त्यात काय हाये? हात कुठं ठेवाचा ते पोराच्या घरचं, बोलाचं काय ते सरकारी." इतक्या सोप्या शब्दांत सेक्युलॅरिझम मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

(काकांची भाषा कामठी-नागपूरची आहे, मी ती सुधारायच्या भानगडीत पडलेलो नाही.)

नागपूर म्हणजे तसंही शपथांचं गाव आहे म्हणा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि ज्या माणसाच्या देखरेखीखाली संविधान लिहिलं गेलं त्याचे वडील रामजी सकपाळ हे फौजेतले सुभेदार होते. दीक्षाभूमी आणि कामठी छावणी या दोन जागांत पाऊण तासाचं अंतर असेल, ट्रॅफिक नसला तर. पण या दोघांचा एकमेकांशी संबंध आहे असं आपण कधी बोलत नाही. एक जागा जयंतीला जायची, दुसरी रस्त्याने जाताना मुलांना रणगाडा दाखवायची.

मला तो संबंध कळला तो सीताबर्डीच्या किल्ल्यामुळे. मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर उभं राहिलं की ती टेकडी समोरच दिसते, एरवी फौजेच्या ताब्यात असते आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा दिवशी लोकांना सोडतात. तिथली लढाई सुरू झाली २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी. हो, २६ नोव्हेंबर, ज्या तारखेला आता आपण संविधान दिन करतो. योगायोगच आहे, त्यात काही गूढ शोधू नका, पण तारीख पाहिल्यावर डोक्यात चक्र सुरू झालं. टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीची फौज होती, म्हणजे कोण होतं? मद्रास इन्फंट्रीचे शिपाई, बंगाल कॅव्हलरीचे घोडेस्वार. अधिकारी गोरे, लढणारे आणि मरणारे बहुतेक आपलेच. समोर आप्पासाहेब भोसल्यांची फौज, त्यातली सगळ्यात चिवट पथकं अरबांची. म्हणजे नागपूरच्या राजासाठी अरब लढतायत आणि इंग्रजांसाठी तामिळ, तेलुगू. यातल्या कुणाचाच इथल्या मातीशी संबंध नाही, आणि भेकड कुणीच नाही. सगळे इमानदार. इमान कशाशी? ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी.

त्याच लढाईत कॅप्टन फिट्झगेराल्ड नावाचा घोडदळाचा अधिकारी होता. तो पुन्हा पुन्हा हल्ल्याची परवानगी मागत होता आणि वरून मिळत नव्हती. शेवटी निरोप आला की करायचा असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर कर. तो म्हणाला, ठीक, माझ्या जबाबदारीवर. आणि त्या हल्ल्याने लढाई फिरली. फिरली म्हणून ते शौर्य, नसती फिरली तर कोर्ट मार्शल. फौजेत हुकूम न पाळण्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्या जिंकलेल्यांच्याच, हे मला जरा खटकतं, पण ते असो.

नाम, नमक, निशान. हे तीन शब्द आजही फौजेत चालतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ, निशाण. कडाक्याच्या थंडीत सतरा-अठरा हजार फुटांवर माणूस संविधानाचं कलम आठवून उभा राहत नाही, शेजारच्या सोबत्यासाठी आणि पलटणीच्या इज्जतीसाठी उभा राहतो, हे काकाच सांगतात. पण मिठाच्या इमानात एक मोठी खोट आहे, ते एकाच बाजूने चालतं. याचं उदाहरण शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या इमानाने नोकरी केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने 'लढाऊ जाती'चं खूळ डोक्यात घेतलं आणि यांची भरतीच बंद करून टाकली. इमान होतं, मीठही पचवलेलं होतं, पण हक्क कुठे होता? मालकाच्या मनात आलं, दार लावलं. अर्ज करा, विनंत्या करा. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं, तेही दुसरं महायुद्ध गळ्याशी आल्यावर, आणि त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता. पुढे या रेजिमेंटचं सेंटर काही काळ आपल्या कामठीलाच होतं.

संविधानाशी निष्ठा ठेवण्यात फरक हा आहे की ते पुस्तक शिपायालाही काहीतरी देणं लागतं. समानता, सरकारी नोकरीत संधी. पूर्ण देतं का? नाही देत. कलम ३३ खाली संसदेने फौजींचे काही मूलभूत हक्क कापलेले आहेत, युनियन करता येत नाही, राजकीय सभेत जाता येत नाही, पेपरात मनात येईल ते लिहिता येत नाही. म्हणजे ज्या पुस्तकासाठी जीव द्यायची तयारी, त्यातली काही पानं यांच्यापुरती मिटलेली! आपण कट्ट्यावर तर्री-पोहे खात "सरकार काय झोपलंय का" म्हणतो तेवढंसुद्धा वर्दीतला माणूस जाहीरपणे म्हणू शकत नाही, आणि आपल्याला तसं म्हणता यावं म्हणून तो तिकडे उभा. खरं सांगू, ही निष्ठा रुक्ष आहे. पुस्तक पाठीवर हात ठेवत नाही, टाळ्या वाजवत नाही. माणसावर निष्ठा ठेवणं सोपं आणि गोड असतं, म्हणूनच ते धोक्याचं.

जर्मनीत काय झालं ते बघा. २ ऑगस्ट १९३४ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारले आणि त्याच दिवशी सैनिकांची शपथ बदलली. आधी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ होती, नंतर देश आणि जनतेची आली, आता थेट ॲडॉल्फ हिटलर या माणसाच्या बिनशर्त आज्ञापालनाची, नाव घेऊन. दोन-तीन ओळींचा फरक. पुढे सगळं डोळ्यांदेखत वाटोळं होत असतानाही कित्येक अधिकारी म्हणत राहिले की आम्ही शपथ घेतलीय, मोडायची कशी. त्यातले सगळेच काही नालायक नव्हते, शब्दाचे पक्के होते, आणि तेच मला जास्त भीतीदायक वाटतं. युद्धानंतरच्या जर्मनीने मग सैनिकांच्या कायद्यात सरळ लिहून टाकलं की माणसाच्या प्रतिष्ठेविरुद्धचा हुकूम पाळला नाही तर ती अवज्ञा नव्हे.

बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जे म्हणाले ते इथे आठवतंच, की धर्मात भक्ती ही आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता. हे आपण पुढाऱ्यांच्या संदर्भात नेहमी वाचतो. बंदुका हातात असलेल्या लाखो लोकांच्या संदर्भात वाचून बघा एकदा.

आणि आपलं नशीब बलवत्तर की कसं कोण जाणे, शेजारच्या देशात, त्याच ब्रिटिश इंडियन आर्मीतून निघालेल्या, त्याच मेसमध्ये जेवलेल्या, तीच ड्रिल शिकलेल्या अधिकाऱ्यांनी १९५८ मध्ये सत्ता हातात घेतली. त्यांची राज्यघटना तीन वर्षांचीही जुनी नव्हती झाली. इकडे नुसतं नशीब नव्हतं, काही गोष्टी जाणून केल्या होत्या. दिल्लीतला कमांडर-इन-चीफचा तो भव्य बंगला, आताचं तीन मूर्ती भवन, त्यात नेहरू राहायला गेले. बंगल्यात काय असं वाटेल, पण राज्य कुणाचं हे शिपायाला बंगल्यावरूनच कळतं. १९५५ मध्ये कमांडर-इन-चीफ हे पदच गेलं, तिन्ही दलांचे प्रमुख नुसते 'चीफ ऑफ स्टाफ' झाले आणि सर्वोच्च कमांड घटनेच्या कलम ५३ प्रमाणे राष्ट्रपतींकडे. काकांची गार्ड्स रेजिमेंटसुद्धा यातलीच. १९४९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख करिअप्पांनी उभी केली ती या जातीची-त्या प्रांताची अशी न ठेवता सगळ्या भारताची मिसळ करून. बाकी कित्येक पलटणी अजूनही जातीच्या-प्रदेशाच्या नावाने चालतात, त्यावर वाद आहेत आणि मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मला बोलायचंय ते खरं आपल्याबद्दल. फौजेबद्दल नाही, सिव्हिलियन लोकांबद्दल. सैनिक संविधानाशी एकनिष्ठ राहायचा प्रयत्न करतोय आणि आपण त्याला सारखे आपल्या भावनांशी एकनिष्ठ करायला बघतोय. चौकातल्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि बाजूला बंदूकधारी जवानाचा फोटो, तो पण नेटवरून उचललेला, कधीकधी तर वर्दी दुसऱ्याच देशाची असते. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये पक्षांना लेखी सांगितलं की प्रचारात सैन्यदलांचे फोटो वापरू नका, २०१९ च्या मार्चमध्ये पुन्हा आठवण करून द्यावी लागली. फॅमिली ग्रुपवर तर बघायलाच नको, "एकदा मिलिट्रीच्या हातात द्या देश, सहा महिन्यांत सरळ होईल". हे लिहिणारे आमचे नातेवाईक बँकेतून, वीज मंडळातून रिटायर झालेले असतात. एका दिवाळीला असंच कुणीतरी काकांच्या तोंडावर म्हणालं, त्यांना वाटलं सुभेदार साहेब खूश होतील. काका म्हणाले, "आमच्या हातात? बापू, आमच्याकडं माणूस टाइमावर आला नाही तं पाठीवर पिट्टू देऊन पळवतेत. तू सकाळी दहाच्या ऑफिसला साडेअकराला जात होता." विषय तिथेच संपला, चकल्या पुढे सरकल्या.

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे, आपल्या पुण्याचे, पत्रकार परिषदेत म्हणाले होते की आमची निष्ठा संविधानाशी आहे आणि उद्देशिकेतले न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आम्हाला वाट दाखवतात. साधं वाक्य. शपथेत आहे तेच. तरी त्याची बातमी झाली, लोकांनी त्यात इशारा शोधला, हा टोला कुणाला, तो टोला कुणाला. शपथेतलं वाक्य म्हणून दाखवलं की बातमी होते, यावरून ते वाक्य आपण किती विसरलोय ते कळतं.

काकांनी दंगलीची ड्यूटी केलेली आहे. गाव सांगत नाहीत आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. इतकंच सांगतात की कर्फ्यू होता, समोर दोन-तीनशे लोक, दगड येतायत, आणि एक वजनदार स्थानिक माणूस त्यांच्या कॅप्टनला येऊन म्हणतोय की बघत काय बसलात, उडवा यांना. कॅप्टन पंचविशीचा पोरगा. तो शांतपणे म्हणाला, मॅजिस्ट्रेट कुठे आहेत? ते येईपर्यंत फौज तशीच उभी, दगड खात. मॅजिस्ट्रेट आले, कागदावर सही झाली, मग लाउडस्पीकरवरून इशारा, मग बिगुल. गोळ्या चालल्याच नाहीत, लोक पांगले. काका म्हणतात, "चालल्या असत्या तं एकेक खाली खोका उचलून मोजून द्या लागला असता. आपली फौज हिशोबाची हाये."

मी नंतर कायदा काढून वाचला. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची, म्हणजे सीआरपीसीची, कलमं १३० आणि १३१, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४९ आणि १५०. जमाव पांगवायला फौज लागली तर ती मॅजिस्ट्रेटने मागायची, पण कसं पांगवायचं ते फौजेच्या अधिकाऱ्याने त्याला योग्य वाटेल तसं ठरवायचं, आणि बळ शक्य तितकं कमी वापरायचं, माणसांना आणि मालमत्तेला इजा शक्य तितकी कमी. मॅजिस्ट्रेटशी संपर्कच होत नसेल तर अधिकारी स्वतः निर्णय घेऊ शकतो, पण संपर्क झाला की लगेच त्याचं ऐकायचं. कायदा किती बारीक विचार करून लिहिलाय बघा, हुकूम एकाचा, हात दुसऱ्याचा, आणि दोघांवरही चाप. अशांत भागात फौजेला जादा अधिकार देणारा जो कायदा आहे, अफस्पा, तो सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये वैध ठरवला खरा, पण लष्कराच्याच 'काय करावं, काय करू नये' या यादीला बंधनकारक ठरवून. आणि २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं की तिथेही अतिरेकी बळ वापरलं तर सरसकट माफी नाही. हे वाचून काही लोकांना राग येतो, फौजेचे हात बांधले म्हणून. काकांना येत नाही. हात बांधलेलेच असतात, म्हणूनच तर वर्दी म्हणायची, नाहीतर टोळी.

आता या सगळ्यातला गुंता, ज्यावर आमचं दोघांचं आजवर जमलेलं नाही. शपथेत आहे 'सगळे हुकूम'. पण आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम ४१ मध्ये शिक्षा आहे ती 'कायदेशीर हुकूम' मोडला तर. मग बेकायदेशीर हुकूम आला तर काय? १३ एप्रिल १९१९, जालियनवाला. पन्नास रायफली, दहा मिनिटं, १६५० राउंड. रायफली आपल्याच लोकांच्या हातात होत्या. कुणीही थांबलं नाही, सगळ्यांनी शपथ पाळली. अकरा वर्षांनी, २३ एप्रिल १९३०, पेशावरचा किस्साखानी बाजार. समोर पठाणांचा निःशस्त्र जमाव, आणि गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवालींनी आणि त्यांच्या साथीदारांनी गोळी चालवायला नकार दिला. हिंदू पहाडी पोरं, समोर मुसलमान, इंग्रजांचा हिशोब असा की हे बिनदिक्कत मारतील. नाही मारलं. चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, सुटले १९४१ मध्ये. त्या दिवशी पेशावरात रक्त सांडलंच, दुसऱ्यांनी सांडलं, पण यांनी नाही.

मला वाटायचं गांधीजींनी यांना डोक्यावर घेतलं असेल. तर तसं नाही. गोलमेज परिषदेच्या दिवसांत एका फ्रेंच पत्रकाराने हाच प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले की जो शिपाई गोळीबाराचा हुकूम मोडतो तो आपली शपथ मोडतो, तो गुन्हा आहे, आणि मी त्यांना अवज्ञा शिकवली तर उद्या माझ्या हातात राज्य आल्यावर तेच लोक माझेही हुकूम मोडतील. अहिंसेचा माणूस असं म्हणतो! पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला होता. मग १९७५ आठवलं, जयप्रकाश नारायण, म्हणजे जेपी, २५ जूनला रामलीला मैदानावर पोलिसांना आणि फौजेला म्हणाले की बेकायदेशीर हुकूम पाळू नका, आणि त्याच रात्री आणीबाणी लागली, कारणांत हे वाक्य मोजलं गेलं. जेपींचं वाक्य कायद्याच्या पुस्तकात बसणारंच होतं. तरी भर सभेत म्हटल्यावर ते बंडासारखं ऐकू आलं. म्हणजे गांधीजींची भीती अगदी हवेतली नव्हती.

तरी माझं मत चंद्रसिंगांच्या बाजूने आहे. त्यांची शपथ इंग्लंडच्या राजाची होती, त्या राजाला पेशावरच्या माणसाने निवडलेलं नव्हतं, कायदाही त्याने केलेला नव्हता. गांधीजी पुढच्या राज्याची काळजी करत होते, ठीक आहे, पण पुढच्या राज्यात शपथच बदलणार होती की. संविधानाच्या शपथेखाली निःशस्त्र लोकांवर तसा हुकूम आला तर मुळात हुकूमच शपथेबाहेर जातो.

काकांना हे मान्य नाही, म्हणजे अर्धंच मान्य आहे. गढवालींना ते मानतात, का तर ते पळाले नाहीत, उभे राहिले, शिक्षा घेतली. "पण तू म्हनतो तसं हरेक शिपायानं कलम पाहून गोळी चालवाची म्हटलं तं बॉर्डरवर काय होईन?" मी म्हटलं, काका, बॉर्डरचा प्रश्न नाहीये, आपल्याच लोकांसमोरचा आहे. ते म्हणाले, समोर कोण हाये ते ठरवाले एकोणीस वर्षाच्या पोराले दोन सेकंद भेटतेत. मग मी विचारलं, मग ठरवायचं कुणी?

"कॅप्टननं. त्याले पगार कायचा भेटते?"